आवडलं ना? मग आधी नावं वाचा: समकालीन कला, डिझाइन आणि इंडी संगीत शोधण्याची एक रीत

माझ्या फोनमध्ये एके काळी तीनेक हजार स्क्रीनशॉट होते. पोस्टरं, अल्बमची कव्हरं, कुठल्याशा प्रदर्शनातला एखादा कोपरा, रात्री दीड वाजता ऐकलेल्या गाण्याचा अर्धवट पडदा. एकदा एका मैत्रिणीला त्यातलं एक पोस्टर दाखवायचं होतं: पिवळ्या जमिनीवर काळी, जाडजूड, एकमेकांना खेटून उभी असलेली अक्षरं. पाऊण तास अंगठा झिजवल्यावर ते सापडलं. तिने विचारलं, "कोणी केलंय?" मला माहीत नव्हतं. "कशाचं आहे?" तेही नाही. "असं आणखी काही दाखव की." तीन हजार चित्रं हातात असून मला तिथून पुढे जायला वाट नव्हती.

तेव्हापासून मी एक साधी सवय लावून घेतली. काही आवडलं की त्यामागची नावं वाचायची, आणि त्यातलं एक नाव धरून पुढे जायचं. बाकी सगळं त्यातूनच येतं. यासाठी कलेचं शिक्षण लागत नाही आणि प्रवासही करावा लागत नाही. आठवड्यातला एखादा तास आणि बारीक अक्षरातला मजकूर वाचायची तयारी एवढं पुरतं.

पहिली पायरी: एकच गोष्ट घ्या आणि तिच्यासमोर बसा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात, हे मोजणारा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली २७.२ सेकंद. मध्यक तर १७ सेकंदच, म्हणजे निम्मे लोक तेवढ्या वेळात पुढे सरकलेले. आणि ही नामांकित चित्रं होती. फोनवर आपण एका चित्राला किती वेळ देतो हे कुणी मोजलं नाही तर बरंच.

म्हणून सुरुवात उलटी करायची. गेल्या महिन्याभरात मनात रेंगाळलेली एकच गोष्ट निवडा. गाणं असेल, पोस्टर असेल, खुर्ची असेल, चित्र असेल. तिला दहा मिनिटं द्या. दृश्य असेल तर घड्याळ लावून बसा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो, हात फोनकडे जातो. तिथे थांबलात तर त्यापुढच्या मिनिटांत अशा गोष्टी दिसायला लागतात, ज्या इतका वेळ समोरच होत्या. गाणं असेल तर तीनदा ऐका. पहिल्यांदा दुसरं काहीही न करता, दुसऱ्यांदा फक्त ताल आणि बेसकडे लक्ष देऊन, तिसऱ्यांदा आवाज कुठे जवळ येतो, कुठे लांब जातो ते ऐकत.

मग दोन ओळी लिहा. अट एवढीच की "छान", "भारी" आणि "वेगळंच" हे शब्द वापरायचे नाहीत. माझ्या वहीतल्या दोन नोंदी देतो. एका गाण्याबद्दल लिहिलंय: "ड्रम प्रत्येक वेळी किंचित उशिरा पडतो, त्यामुळे गाणं कुणीतरी शर्ट धरून मागे खेचल्यासारखं चालतं." त्या पिवळ्या पोस्टरबद्दल: "अक्षरांमधल्या फटी इतक्या कमी आहेत की आधी काळा ठोकळा दिसतो, शब्द नंतर वाचता येतो."

या दोन ओळींचं काम काय, तर पुढे कुठलं नाव धरायचं ते त्या ठरवतात. उशिरा पडणारा ड्रम आवडला असेल तर गायिकेचे बाकीचे अल्बम ऐकून हाती फारसं लागणार नाही. ड्रमर कोण आणि निर्माता कोण, हे शोधायला हवं. काळा ठोकळा आवडला असेल तर तो अक्षरप्रकार कुणी घडवला, याकडे जायला हवं. आवडीचं नेमकं कारण माहीत नसलं की माणूस चुकीच्या नावामागे धावतो आणि "या कलाकाराचं तेवढं एकच चांगलं होतं" म्हणत परत येतो.

दुसरी पायरी: एका नावावरून दुसऱ्या नावावर

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एकाच बँडवर दाखवतो. न्यूयॉर्कचा सॉनिक यूथ १९८१ मध्ये सुरू झाला. गिटारी मुद्दाम विचित्र सुरांत लावायच्या आणि त्यांतून गोंगाट आणि गाणं दोन्ही काढायचं, ही त्यांची खासियत. संगीत क्षणभर बाजूला ठेवू आणि फक्त तीन कव्हरं पाहू.

१९८८ चा 'डेड्रीम नेशन'. कव्हरवर एक जळती मेणबत्ती, जरा धूसर, फोटोच वाटावा अशी. प्रत्यक्षात ते तैलचित्र आहे, गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराने १९८३ मध्ये रंगवलेलं. रिश्टर फोटोवरून चित्र काढतो आणि रंग ओला असतानाच त्यावरून कोरडा ब्रश फिरवून कडा पुसट करतो. म्हणजे ती धूसरता कॅमेऱ्याची वाटते, पण असते हाताची. हे नाव धरून पुढे गेलात की त्याची अमूर्त चित्रं भेटतात, रंगावरून रुंद पट्टी ओढून केलेली. आणखी पुढे कोलोनच्या कॅथेड्रलची खिडकी भेटते. २००७ मध्ये बसवलेल्या या खिडकीत काचेचे ११,०००हून जास्त चौकोन आहेत, रंग ७२, आणि त्यांची मांडणी बऱ्याच अंशी संगणकाच्या यादृच्छिक निवडीवर सोडलेली. गोंगाटी गिटारींच्या अल्बमवरून निघालो आणि चर्चच्या खिडकीपाशी आलो.

१९९० चा 'गू'. मराठी वाचकाने काय हसायचं ते हसून घ्यावं, नाव खरंच तेच आहे. कव्हरवर काळ्या शाईतलं रेखाटन: गाडीत बसलेलं, काळे चष्मे लावलेलं एक जोडपं. रेखाटन रेमंड पेटिबॉनचं, आणि तेही एका फोटोवरून. ब्रिटनमधल्या १९६६ च्या एका खून खटल्यातल्या साक्षीदारांचा तो फोटो होता. पेटिबॉनचा भाऊ ग्रेग गिन हा ब्लॅक फ्लॅग या पंक बँडचा संस्थापक. या बँडचं चार काळ्या पट्ट्यांचं बोधचिन्ह पेटिबॉननेच केलं. गिनने एसएसटी नावाचं लेबलही (संगीत प्रसिद्ध करणारी कंपनी) चालवलं, आणि सॉनिक यूथचे ऐंशीच्या दशकातले दोन अल्बम त्याच लेबलवर निघालेले आहेत. म्हणजे फिरून त्याच घरी आलो, पण मागच्या दाराने.

१९९२ चा 'डर्टी'. यावर विणलेलं एक नारिंगी खेळणं आहे, डोळे वटारलेलं. हे माइक केलीचं काम. कुणीतरी हाताने विणलेली, वापरून टाकून दिलेली मऊ खेळणी गोळा करून तो त्यांतून कलाकृती करायचा. त्या खेळण्यांकडे नीट पाहिलं की गोंडसपणा उतरतो आणि अस्वस्थ व्हायला होतं. केलीबद्दल वाचायला घ्या, तर कळतं की १९७३ मध्ये कला शिकत असताना त्याने मित्रांसोबत डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स नावाचा गोंगाटी बँड काढला होता. बँडवरून कलाकाराकडे आलो होतो, कलाकारावरून पुन्हा नव्या बँडकडे.

तीन कव्हरांतून तीन कलाकार, दोन बँड, एक लेबल आणि एक खिडकी. एका संध्याकाळचं काम. आणि या प्रत्येक टप्प्यावर "तुम्हाला हेही आवडेल" असं कुणी सुचवलेलं नव्हतं.

जाता जाता एक खुलासा. यातले शेवटचे दोन अल्बम एका बड्या कंपनीच्या छत्राखाली निघालेले आहेत. "इंडी" शब्दाचा मूळ अर्थ धंद्याचा आहे: मोठ्या कंपन्यांवाचून, स्वतंत्र लेबलवर किंवा स्वतःच्या हिमतीवर काढलेलं संगीत. पुढे तो एका विशिष्ट आवाजाचं नाव होऊन बसला, आणि आता तर बड्या कंपन्याही तो शब्द बिनदिक्कत वापरतात. त्यामुळे कुठल्याही प्लेलिस्टच्या नावात "इंडी" दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. लेबल कुणाचं आहे ते बघा.

तिसरी पायरी: नावं कुठे लपलेली असतात

संगीतात सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे डिस्कॉग्ज. २००० मध्ये सुरू झालेली ही माहितीसूची वापरणारेच भरत आले आहेत. अल्बमच्या पानावर निर्माता, वादक, ध्वनिमुद्रक, कव्हरचा डिझायनर, छायाचित्रकार, लेबल अशी श्रेयनामावली असते, आणि प्रत्येक नावावर टिचकी मारली की त्या माणसाचं बाकीचं काम उघडतं. कुठल्या नावांमागे जावं याचा माझा क्रम असा: आधी लेबल, मग निर्माता, मग कव्हर करणारा. जॅझ किंवा प्रायोगिक संगीत असेल तर पाहुणे वादक सगळ्यात वर. मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणाऱ्या तंत्रज्ञाच्या मागे मात्र जाऊ नका. त्याने शेकडो अल्बम हाताळलेले असतात, त्यांत एकमेकांशी नातं असेलच असं नाही.

कलाकार आपलं संगीत थेट विकतात त्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर श्रेयनामावली पानाच्या तळाशी, गाण्यांच्या यादीखाली असते. बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत. त्याच पानावर आणखी एक खजिना आहे: तो अल्बम विकत घेणाऱ्यांचे छोटे चौकोनी फोटो. त्यातल्या कुठल्याही अनोळखी चेहऱ्यावर टिचकी मारा, त्या माणसाचा सगळा संग्रह दिसतो. तुमचा अगदी आडवाटेचा अल्बम ज्याने पैसे मोजून घेतलाय, त्याने आणखी काय घेतलंय हे पाहण्यासारखं असतं. मला गेल्या काही वर्षांत आवडलेलं निम्मं संगीत अशाच, कधीही न भेटलेल्या माणसांच्या कपाटातून आलंय.

कलेच्या बाबतीत भिंतीवरची पाटी नीट वाचायला शिका. कलाकाराचं नाव, जन्मसाल, कृतीचं नाव, वर्ष, माध्यम, मापं, आणि अगदी शेवटी, सगळ्यात बारीक अक्षरात, कृती कुणाच्या सौजन्याने आली ती ओळ. ही शेवटची ओळ कुणी वाचत नाही, आणि तीच सगळ्यात कामाची. तिथे बहुधा एखाद्या गॅलरीचं नाव असतं. त्या गॅलरीच्या संकेतस्थळावर गेलात की त्याच डोळ्याने निवडलेले आणखी वीस-पंचवीस कलाकार एका यादीत सापडतात.

दुसरी जागा म्हणजे कलाकाराच्या संकेतस्थळावरचा परिचय. त्यात एकल प्रदर्शनांची यादी असते आणि समूह प्रदर्शनांची वेगळी. एकल यादी सोडा. समूह प्रदर्शनांच्या यादीतून विषय रंजक वाटणारं एक निवडा, त्यात आणखी कोण कोण होतं ते बघा, आणि ते कुणी रचलं ते नाव टिपून घ्या. एकाच क्युरेटरची दोन प्रदर्शनं आवडली, तर तिसरं डोळे झाकून बघायला हरकत नाही.

डिझाइनमध्ये नावं सगळ्यात जास्त हरवतात, कारण चित्रं हातोहात फिरतात आणि नाव पहिल्याच हाताला गळून पडतं. इथे दोन हत्यारं. टिनआय या उलट्या चित्रशोधात सापडलेले निकाल "सर्वांत जुनं आधी" असे लावता येतात. अशा वेळी मूळ पान वर यायची शक्यता बरीच वाढते. आणि अक्षरांनी भुरळ घातली असेल तर फॉन्ट्स इन यूज. इथे अक्षरप्रकार प्रत्यक्ष वापरात दाखवतात, पोस्टरवर, पुस्तकावर, पाटीवर, आणि शक्य तिथे डिझायनर, वर्ष अन् फॉन्टचं नाव देतात. एखादा अक्षरप्रकार आवडला की तोच पन्नास वेगवेगळ्या हातांत कसा वागतो ते सलग पाहता येतं. डिझाइन शिकायला याहून बरी जागा मला तरी माहीत नाही. छापील वस्तू हातात असेल तर पुस्तकाचं शेवटचं पान, पोस्टरची खालची कड आणि कॅसेटच्या कव्हराची आतली घडी तपासा.

चौथी पायरी: ज्यांची चव पटते अशी माणसं धरा

एकेका वस्तूवरून जाणं चांगलंच, पण काही माणसांनी आयुष्यभर हेच केलेलं असतं. त्यांच्या कष्टांवर आयतं जगायला लाज वाटून घेऊ नये.

पहिली अशी माणसं म्हणजे छोटी लेबलं चालवणारी. मोठ्या कंपनीत निर्णय बैठकीत होतात. छोट्या लेबलवर एकदोन माणसं स्वतःच्या खिशातले पैसे घालून ठरवतात, म्हणून यादीला एक चेहरा असतो. म्युनिकच्या ईसीएमचं उदाहरण घ्या. मानफ्रेड आयशरने १९६९ मध्ये ते सुरू केलं, आणि त्यांच्या कव्हरांवरचा रिकामा अवकाश पाहूनच आत किती शांतता असेल याचा अंदाज येतो. ब्रिटनच्या ४एडीची ओळख तर संगीताइतकीच वॉन ऑलिव्हरने केलेल्या कव्हरांची. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने सगळ्यांवर कडी केली. १९७८ मध्ये सुरू झालेल्या या लेबलचा अनुक्रमांक १ हा अल्बमचा नाहीच, तो पीटर सॅव्हिलने केलेल्या एका पोस्टरचा आहे. क्रमांक ५१ हा त्यांच्या नाइट क्लबचा. संगीत, छपाई, इमारत, सगळं एकाच यादीत.

यातून एक युक्ती निघते. लेबल आवडलं की त्याची यादी लोकप्रियतेनुसार न पाहता अनुक्रमांकाने पाहा. कुठे पाय अडखळला, कुठे दिशा बदलली, कुठे पैसे संपले असावेत, सगळं कळतं.

दुसरी माणसं म्हणजे रेडिओवरची. बीबीसी रेडिओ १ वर जॉन पील १९६७ पासून २००४ मध्ये वारेपर्यंत अनोळखी बँड वाजवत राहिला. त्याच्या कार्यक्रमात रेगेनंतर पंक, पंकनंतर आफ्रिकी गिटार असं काहीही यायचं, आणि कधीकधी रेकॉर्ड चुकीच्या वेगाने लागायची. आज ते काम इंटरनेटवर ऐकता येणारी स्वतंत्र केंद्रं करतात: लंडनचं एनटीएस, लॉस एंजेलिसचं डबलॅब, न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू, सिअॅटलचं केईएक्सपी. इथे केंद्राऐवजी निवेदक निवडायचा. चार-पाच कार्यक्रम अर्धा अर्धा तास ऐका, त्यातले दोन ठेवा आणि महिनाभर फक्त तेच ऐका. एनटीएससारख्या ठिकाणी जुने कार्यक्रम गाण्यांच्या यादीसकट जपलेले असतात, त्यामुळे काही कानात अडकलं की नाव तिथेच मिळतं. निवेदकाची निवड सतत पटायला लागली तर मात्र तो बदला. दहातली तीन गाणी नकोशी वाटणं ही चांगली खूण आहे.

तिसरी माणसं बिनालेवाली, म्हणजे बहुधा दर दोन वर्षांनी भरणारी कलाप्रदर्शनं रचणारी. मोठी आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं पाहायला जाणं सगळ्यांना जमत नाही, आणि जमलं तरी पाय दुखतात, डोकं भणभणतं, दुपारनंतर काहीच दिसत नाही. पण त्यांच्या कलाकारांच्या याद्या घरबसल्या वाचता येतात, आणि माझ्या मते तोच त्यांचा खरा उपयोग आहे. व्हेनिस (१८९५ पासून) आणि साओ पाउलो (१९५१) ही जुनी घराणी. कासेलचं डॉक्युमेंटा १९५५ मध्ये सुरू झालं आणि आता पाच वर्षांनी एकदा भरतं. हवाना (१९८४), इस्तंबूल (१९८७), शारजा (१९९३), ग्वांगजू (१९९५) आणि कोची (२०१२) यांनी नकाशा रुंद केला. एखादी यादी घ्या, डोळे मिटून पाच नावांवर बोट ठेवा, आणि प्रत्येकाची फक्त तीन कामं बघा. दोन वेगवेगळ्या शहरांच्या याद्यांत एकच नाव दिसलं तर ते वहीत. यादी रचणारे कोण आहेत हेही वाचा. २०२२ च्या डॉक्युमेंटाची सूत्रं जाकार्ताच्या रुआंगरुपा या कलाकारगटाकडे होती, आणि त्यांनी एकट्यादुकट्या प्रसिद्ध कलाकारांऐवजी बरेचसे गटच बोलावले. हे माहीत नसताना ती यादी वाचली तर ओळखीची नावं का नाहीत म्हणून गोंधळायला होतं.

कलाशाळांची वार्षिक प्रदर्शनं आणि कलाकारांनी स्वतः चालवलेल्या छोट्या जागा चुकवू नका. तिथे निम्मं काम कच्चं असतं, पण कलाकार शेजारीच उभा असतो आणि त्याला विचारता येतं.

अल्गोरिदमचं काय करायचं

पुढे काय ऐकायचं-पाहायचं ते सुचवणाऱ्या अल्गोरिदमला शिव्या देण्यात अर्थ नाही, तो नेमकं काय करतो ते समजून घेतलं की पुरे. शिफारशींच्या पद्धतीत मोठा भाग असतो तो इतरांच्या सवयींचा: जे लोक हे ऐकतात ते आणखी काय ऐकतात. त्यामुळे आधीच बऱ्याच जणांनी ऐकलेल्या गोष्टी पुढे येतात, आणि काल रात्री कुणीतरी खोलीत बसून काढलेलं गाणं मागे राहतं, कारण त्याच्याबद्दल सांगायला अजून कुणाची सवयच नोंदलेली नसते. गाणं वाईट म्हणून ते मागे पडतं असं नाही, त्याच्या नावापुढचा रकाना कोरा असतो इतकंच. २०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत १,००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याला मानधनही मिळत नाही. आकडे ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच आणखी येतात.

म्हणून माझा नियम: अल्गोरिदमला सुरुवात करू द्यायची नाही, नाव आपण द्यायचं. वहीतल्या नावाने शोधा, त्या कलाकाराच्या "चाहत्यांना हेही आवडतं" यादीत जा, तिथलं तुम्हाला अनोळखी असलेलं नाव घ्या, पुन्हा त्याच्या यादीत जा. अशा तीन उड्या आडव्या मारल्या की तो तुम्हाला खूश करायचं विसरतो. स्पॉटिफायवर दर सोमवारी येणारी तीस गाण्यांची डिस्कव्हर वीकली ही यादी ठेवायला हरकत नाही, पण तिच्यातलं एखादं गाणं आवडलं की ते तिथेच "लाइक" करून सोडू नका. दुसऱ्या पायरीवर न्या. आणि झोपताना पावसाचे आवाज लावत असाल तर खाजगी सत्रात लावा. एका महिन्यात माझ्या शिफारशी निव्वळ पाऊस झाल्या होत्या.

पाचवी पायरी: वही

हे सगळं डोक्यात राहत नाही. मी साध्या कागदी वहीत चार रकाने आखले आहेत: काय पाहिलं किंवा ऐकलं, कुणाचं, कुणामार्फत पोहोचलो, आणि पुढचं नाव. तिसरा रकाना फालतू वाटतो, पण वर्षभराने तोच सगळ्यात बोलका ठरतो. कुठला निवेदक, कुठलं लेबल, कुठला मित्र आपल्याला वारंवार चांगल्या ठिकाणी नेतो, हे त्यातून दिसतं. पडद्यावर करायचं असेल तर आरेना बरं. तिथे चित्रं, दुवे, मजकूर एका "चॅनल"मध्ये ठेवता येतो आणि तोच तुकडा आणखी कुणाच्या चॅनलमध्ये आहे हे कळतं, म्हणजे तिथूनही वाट फुटते.

वहीचा एकच कडक नियम: नावाशिवाय काही ठेवायचं नाही. दहा मिनिटं शोधूनही नाव मिळालं नाही तर सोडून द्यायचं. कठोर वाटेल, पण माझे तीन हजार स्क्रीनशॉट असेच साठले होते.

आठवड्याला एकच धागा. हावरटपणा हा या छंदाचा खरा रोग आहे. एका रात्रीत चाळीस अल्बम "बघून ठेवले" की त्यातला एकही ऐकलेला नसतो. नवीन अल्बम तीनदा ऐकल्याशिवाय मी पुढचा उघडत नाही, आणि तीनदा ऐकून पटला नाही तर वाईट न वाटून घेता सोडतो. मागच्या पानांवर "नाही आवडलं" अशीही यादी आहे, कारणासकट. दोनतीन वर्षांनी ती चाळताना हसू येतं. त्यातली काही नावं आता पुढच्या पानांवर गेली आहेत.

परतफेड

ज्यांच्यामुळे हे मिळतं त्यांच्यापर्यंत थोडं परत जायला हवं. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि रेकॉर्ड, कॅसेट, टी-शर्टसारख्या वस्तूंतून १० टक्के ठेवून घेतं. मार्च २०२० पासून अधूनमधून येणाऱ्या बँडकॅम्प फ्रायडेला ते आपला वाटा सोडून देतात. खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवणं सोपं आहे. पैसे नसतील तर दोन ओळी लिहा. "तुमचं काम खूप आवडलं" या ओळीला उत्तर येईलच असं नाही. "चौथ्या गाण्यात मधेच ताल थांबतो ती चूक होती की ठरवून केलं?" याला बहुधा येतं. पहिल्या पायरीतल्या दोन ओळी इथे कामाला येतात. आणि काही पुढे पाठवताना करणाऱ्याचं नाव लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला पाऊण तास अंगठा झिजवावा लागणार नाही.

ते पिवळं पोस्टर मला अखेर सापडलं. स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला तर खालच्या कडेला, काळ्या ठोकळ्याच्या सावलीत, कार्यक्रमाच्या जागेचं नाव होतं. जागेवरून तारीख मिळाली, तारखेवरून बँड, आणि बँडच्या पानाच्या तळाशी एका ओळीत पोस्टर करणारीचं नाव. तिची अक्षरं तिने स्वतःच कापली होती, कागदातून, कात्रीने, म्हणून त्या फटी तशा होत्या. आता कळतं की ती कॅसेटचं एक लेबलही चालवते, वर्षाला दोनतीन कॅसेट काढते. दोन ऐकून झाल्या आहेत. तिसरीतल्या बासरीवाल्याचं नाव या आठवड्याच्या पानावर आहे.